रंगाचं पातेलं चढवण्याआधी

माण तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरी साठ-सत्तर दख्खनी मेंढरं. दिवाळीनंतर कळप चाऱ्यासाठी बाहेर पडतो आणि पावसाच्या तोंडाला परत येतो. पूर्वी लोकर घ्यायला माणूस दारात यायचा, आता कुणी फिरकत नाही. कातरणाऱ्यांची मजुरी मात्र घरातूनच जाते आणि लोकर बांधावर पडून कुजते. ताई सुती कापड नैसर्गिक रंगांत रंगवायला शिकल्या आहेत. पुण्यात त्यांची एक मैत्रीण हौसेनं चरख्यावर लोकर कातते. तिच्याकडे बाहेरून मागवलेली, हातानं रंगवलेली लोकर त्यांनी पाहिली. "एवढ्याशा पुडक्याचे एवढे पैसे, आणि आमची लोकर उकिरड्यावर," असं त्या लिहितात. घरची लोकर रंगवून पाहिली तर पातेल्यात तिचा गोळा झाला आणि रंगही मळकट आला. नवरा म्हणतो, मेरिनोचे नर आणू. सासरे म्हणतात, लोकरीत आता काही राहिलं नाही. सासूबाईंनी अजून मत दिलेलं नाही. त्यांचा चरखा माळ्यावर आहे. ताईंचा प्रश्न असा, की या कामात पडावं का, आणि पडायचं तर सुरुवात कुठून करावी?

ताई, जरूर पडा. पण तुमच्या पत्रात रंगाबद्दल दीड पान आहे आणि लोकरीबद्दल चार ओळी. हे प्रमाण उलटं करा, एवढंच माझं मुख्य सांगणं आहे. हातानं सूत कातणारी बाई पुडकं उघडते तेव्हा रंग पाहून हरखते हे खरं. पण ती परत तुमच्याकडेच येईल की नाही, हे ठरतं बोटांना लागलेल्या लोकरीवर. तंतू पुरेसा लांब आहे का, ओढला तर तुटतो का, त्यात कुसळं किती, हे ती पहिल्या पाच मिनिटांत ओळखते. वाईट लोकरीवर चढवलेला सुंदर रंग एकदाच विकला जातो.

आधी मेरिनोचं बोलू, कारण त्यात पैसा अडकेल. मेरिनोची लोकर मऊ असते, जगात तिला मागणी आहे, सगळं मान्य. पण ते जनावर मुख्यतः कोरड्या हवेचं. आपल्या देशात काश्मीर मेरिनो ही जात तयार झाली ती काश्मीरच्या हवेत. माणदेशातला उन्हाळा, दिवाळीनंतरची शेकडो किलोमीटरची पायपीट, कोकणाकडे उतरलात तर तिथली दमट हवा, हे सगळं दख्खनी मेंढी सोसते, म्हणून तर ती इथे टिकली. दख्खनीवर मेरिनोसारख्या विलायती जातींचा संकर करून पाहण्याचे सरकारी पातळीवर प्रयत्न झाले, पण फिरत्या कळपांत ते रुजले नाहीत. शिवाय तुमच्या घराचं उत्पन्न कोकरांवर आणि खतासाठी शेतात मेंढरं बसवण्यावर चालतं, लोकरीवर नाही. ते मोडून लोकर सुधारू नका. नवऱ्याला कळपात सुधारणा करायचीच असेल, तर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत जाऊन त्यांची सुवर्णा मेंढी बघून यायला सांगा. बंगालच्या गरोळ मेंढीकडून आलेलं जुळ्यांचं जनुक त्यांनी दख्खनीत उतरवलं आहे. तो वेगळा विचार आहे, लोकरीसाठी नव्हे. पण मेंढा विकत घ्यायचाच असेल तर निदान अशा दिशेनं.

आता तुमच्या लोकरीकडे येऊ. दख्खनी लोकर राठ आहे, तिच्यात केसाळ तंतू भरपूर असतात, आणि बहुतेक काळी, करडी किंवा काळ्या-पांढऱ्याची मिसळ असते. हे लपवायचं कारण नाही. अमेरिकेत नवाहो लोकांकडे चुर्रो नावाची मेंढी आहे, तिचीही लोकर राठ, तिच्यातही नैसर्गिक रंग अनेक. १९३० च्या दशकात सरकारनं चराऊ जमिनीवर भार होतो म्हणून त्यांचे कळप जबरदस्तीनं कमी केले आणि ही जात संपत आली. १९७७ मध्ये प्राध्यापक लाइल मॅकनील यांनी उरलेल्या मेंढ्या शोधून जात वाढवण्याचं काम हाती घेतलं. आज चुर्रोची लोकर कातणारे मुद्दाम मागवतात, कारण गालिच्याला, आसनाला, पट्ट्याला तीच लागते. तिथल्याच लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी या संस्थेनं २०१९ पासून एक उपक्रम चालवला आहे. दुर्मीळ होत चाललेल्या मेंढ्यांची लोकर घेऊन कातायला कारागिरांना उद्युक्त करायचं, म्हणजे मेंढपाळाला लोकरीचे पैसे मिळतात आणि जात राहते. सांगायचा मुद्दा असा, की हातानं कातणाऱ्यांच्या जगात सगळेच मऊपणाच्या मागे नाहीत. कुठल्या मेंढीची लोकर, कुठल्या भागातली, तिचं काय चांगलं होतं, हे नीट सांगितलं तर राठ लोकरीलाही गिऱ्हाईक असतं. गळ्याभोवती गुंडाळायला म्हणून विकलीत तर मात्र शिव्या खाल.

आणि तुमच्याकडे मऊ लोकरही आहे. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. जावळाच्या घोंगड्याची किंमत जुन्या माणसांना विचारा. हे जावळ बाकीच्या लोकरीत मिसळून बांधावर जात असेल, तर त्याच्यासारखं नुकसान नाही. ते आधी वेगळं काढा.

पुढच्या कातरणीला सासऱ्यांकडे सगळा कळप मागू नका. पाच-सहा मेंढ्या मागा. त्या निवडताना सासऱ्यांनाच बरोबर घ्या. कुठली मेंढी गेल्या साली आजारी होती, कुणाला दुष्काळात चारा कमी पडला, कुणी जुळी पाजली, हे त्यांना तोंडपाठ असणार, आणि ते सगळं लोकरीत लिहिलेलं असतं. जनावराची आबाळ झाली की त्या काळात वाढलेला तंतू बारीक होतो आणि नेमका तिथेच तुटतो. पाठीवरून बोटभर जाडीची बट घ्या, दोन्ही टोकं धरून कानाजवळ झटक्यात ताणा. टणक आवाज आला तर लोकर धडधाकट. चुरचुर ऐकू आली तर ती कातताना तुटणार, घोंगड्याच्या ढिगात टाका. सासऱ्यांना ही परीक्षा त्यांच्याच मेंढीवर करून दाखवा. लोकरीत काही नाही म्हणणारा माणूस आपल्या जनावराबद्दल बोलायला लागला की आपोआप कामात ओढला जातो.

मेंढ्यांवर खूण करता ना? तैलरंग किंवा डांबर पाठीवर लावलं असेल तर तेवढी लोकर वाया गेली म्हणून समजा, कुठल्याही धुण्यानं ते निघत नाही. या पाच-सहा जणींची खूण कानावर किंवा कपाळावर करा. गोचिडांचं औषध फवारून लगेच कातरू नका, ते लोकरीच्या तेलकटपणात धरून राहतं आणि मग तुमच्या आणि गिऱ्हाइकाच्या हाताला लागतं. औषध आधी कातरणी मग, असं न करता कातरणी आधी आणि औषध मग, असा क्रम ठेवा. एक गोष्ट फार निक्षून सांगते: मेलेल्या जनावराची लोकर, कारण माहीत नसेल तर, अजिबात वापरू नका. फाशी रोगाचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, जंतू लोकरीत वर्षानुवर्षं टिकतात आणि तो रोग माणसालाही होतो. इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात लोकर निवडणारे कामगार याच रोगानं मेले.

कातरणाऱ्यांना या पाच मेंढ्यांसाठी थोडी जास्त मजुरी द्या, आणि का देताय ते सांगा. कातर एकदा चालवावी. राहिलेले खुंट दुसऱ्यांदा कापले की बारीक तुकडे लोकरीत मिसळतात आणि सुतात गाठी होतात. जमीन झाडून ताडपत्री घाला. कातरण झाली की लोकर तशीच पसरून कडेकडेची काढून टाका: पोटाखालची, पायांची, शेपटीजवळची लेंड्या चिकटलेली, मानेवरची गोखरू-कुसळांची. निम्मी गेली तरी जीव खाली-वर करू नका. खांदा आणि कुशीची जी उरते ती तुमची. दोन बोटांपेक्षा आखूड तंतू असेल तर हातकताईला देऊ नका. वर्षातून दोनदा कातरता तेव्हा लांबी कमीच मिळते. म्हणून मेंढी वर्षभर न कातरता ठेवावी असं कुणी सुचवेल, पण आपल्या उन्हा-पावसात अंगावर एवढी लोकर म्हणजे उवा-गोचिडांना घर आणि जनावराला ताप. त्यापेक्षा ज्यांची मुळातच लांब येते अशा मेंढ्या हेरा.

काढून टाकलेलं सगळं फेकायचं नाही. राठ पण स्वच्छ असेल ते तुमच्या भागातल्या सनगरांना विचारून घोंगड्याला द्या. विणणारे उरले आहेत तोवर हा धागा तोडू नये असं मला मनापासून वाटतं. अगदी घाण असेल ते डाळिंबाच्या नाहीतर आंब्याच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून घाला. लोकर हळूहळू कुजते आणि नत्र देते.

आता गोळा का झाला ते. तुम्ही सुताची रीत लोकरीला लावलीत. सूत आपण सोडा घालून खळखळ उकळतो, त्याला काही होत नाही. लोकर म्हणजे केसासारखंच प्रथिन. धुण्याचा सोडा, चुना, राख, कशानेही ती झिजते. तिच्या तंतूवर बारीक खवले असतात, आणि गरम पाणी अधिक ढवळणं एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकून घट्ट गोळा, म्हणजे नमदा, होतो. एकदा झाला की सुटत नाही. म्हणून लोकरीच्या पातेल्यात पळी घालायची नाही. कांद्याची नायलॉनची जाळी येते ना, तिच्यात सैलसर भरा आणि ती जाळी खाली-वर करा, तीही क्वचित. वरून नळ सोडू नका. गरम पाण्यातून काढून एकदम गार पाण्यात टाकू नका.

धुण्यासाठी आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, बरीच माती आणि घामाचे क्षार तिथेच निघतात. मग ५० ते ५५ अंशांच्या पाण्यात रिठ्याचा फेस करून वीसेक मिनिटं ठेवा. पाणी कोमट व्हायच्या आत काढा, नाहीतर सुटलेला चिकटा परत लोकरीवरच बसतो. तुमच्याकडे बोअरचं पाणी जड असणार. त्यात साबण वापरला तर त्याची पांढरी साय तंतूवर धरते आणि पुढे रंग डागाळतो, तुमचा मळकटपणा थोडा त्यातून आला असावा. रिठ्याला ही अडचण नाही. पावसाचं पाणी साठवता आलं तर रंगासाठी तेच राखून ठेवा. आणि धुण्याआधी आणि वाळल्यावर, दोन्ही वेळा वजन करून वहीत लिहा. मेरिनोचं वजन धुतल्यावर निम्म्यापर्यंत घटतं, तुमच्या मेंढीचं किती घटतं हे तुमच्याच तराजूनं तुम्हाला सांगायला हवं, कारण भाव त्यावर ठरेल.

रंगाचं आता. काळ्या लोकरीवर रंग दिसत नाही, तो प्रयत्न सोडा. काळी आहे तशीच स्वच्छ धुऊन विका. करडी लोकर हे तुमचं खरं भांडवल आहे. तिच्यावर चढलेला रंग खोल येतो, एकसारखा येत नाही. केसाळ तंतू आतून पोकळ असतात, त्यामुळे ते बाकीच्यांपेक्षा फिके दिसतात. कारखान्यात याला खोट म्हणतील. कातणाऱ्याला मात्र एकाच धाग्यात तीन छटा मिळतात. पुण्याच्या मैत्रिणीकडचे ते लख्ख गुलाबी आणि पोपटी रंग तुमच्या लोकरीवर येणार नाहीत, आणि त्यांच्यामागे धावू नये असं माझं मत आहे. तसे रंग बहुधा लोकरीसाठीच्या आम्ल रंगांचे असतात, व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वात चढवलेले. त्यांच्यात वाईट काही नाही. पुडी उघडताना नाका-तोंडावर मास्क हवा, आणि पुडक्यावर रंग आम्ल रंगाचा आहे असं स्पष्ट लिहायला हवं, एवढंच. पण पांढऱ्याशुभ्र लोकरीशी त्या मैदानात तुमची करडी लोकर हरेल.

तुमचं मैदान वेगळं आहे. आटपाडी, सांगोला, डाळिंबाचा सगळा पट्टा तुमच्या शेजारी. फुटकी, डागी फळं फेकली जातात, त्यांच्या साली वाळवून ठेवा. तुरटीवर (रंग धरून राहावा म्हणून लोकर आधी तुरटीच्या पाण्यात ठेवतात) त्यांचा पिवळा-खाकी येतो, आणि त्यात जरा हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, पडलं की हिरवट राखाडी. करड्या लोकरीवर तर तो इतका देखणा दिसतो, की पहिल्यांदा करून बघाल तेव्हा मला नक्की लिहा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडू रस्त्यावर पडलेला असतो. पाकळ्या सावलीत वाळवा, लोकरीवर छान पिवळा देतात. बाभळीच्या सालीचा तपकिरी, काताचा त्याहून पक्का. लाख लोकरीवर जेवढी खुलते तेवढी सुतावर कधीच खुलत नाही, किरमिजी हवा असेल तर ती विकत घ्या. निळ्याला नीळ, तुरटीशिवाय. मात्र तुमची सुतासाठीची चुन्याची नीळ लोकरीला फार तिखट पडेल. चुना कमी ठेवा, पाणी हाताला सोसवेल इतकंच गरम, आणि शेवटी व्हिनेगरच्या अगदी पातळ पाण्यातून काढा. हळद नको. रंग झटकन चढतो आणि उन्हात तसाच उडतो. पळसाच्या फुलांचंही तेच. कुठलाही रंग विकायच्या आधी त्याचा नमुना अर्धा पुठ्ठ्याखाली झाकून महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. झाकलेला आणि उघडा यांत फरक दिसला तर तो रंग यादीतून कमी करा.

तुरटीसाठी सुतासारखी आधी हिरड्याची गरज नाही, लोकर तुरटी थेट धरते. १०० ग्रॅम कोरड्या लोकरीला १० ते १२ ग्रॅम तुरटी पुरते. पातेलं तासाभरात हळूहळू ८० अंशांपर्यंत न्या, उकळी येऊ देऊ नका, पाऊण तास तिथेच धरा आणि पातेल्यातच गार होऊ द्या. हिराकस मात्र जपून, १०० ग्रॅमला २ ग्रॅमच्या वर गेलात तर लोकर ठिसूळ होते.

तुमच्या पत्रातल्या रंगांच्या यादीत हिरव्या रंगासाठी मोरचूद आहे. ते काढून टाका, आजच. मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांब्याच्या बाबतीत मेंढीइतकं नाजूक दुसरं पाळीव जनावर नाही. ते यकृतात साठत राहतं आणि एक दिवस मेंढी अचानक जाते. गाई-म्हशींचं क्षार-मिश्रण मेंढ्यांना घालू नये म्हणतात ते याचसाठी. मोरचुदाचं रंगपाणी अंगणात ओतलंत आणि एखाद्या तहानेल्या कोकरानं त्यात तोंड घातलं, तर जी लोकर विकायला निघालात तिचीच मुळं कापली जातील. डाळिंबाची साल वाटेल तेवढा हिरवट रंग देईल, तेवढ्यावर भागवा. बाकीचं रंगपाणीही खड्ड्यात जिरवा, आणि रंगाचं पातेलं स्वयंपाकाला कधीही वापरू नका.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात त्या एका ओळीत आहेत, आणि माझ्या मते या धंद्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या माणूस त्याच आहेत. राठ दख्खनी लोकर कशी पिंजायची, पेळू किती घट्ट वळायचा, कुठली लोकर चरख्यावर धावते आणि कुठली अडते, हे त्यांच्या हातांना माहीत आहे. तुम्ही रंगवलेली प्रत्येक लोकर आधी त्यांना कातायला द्या. त्यांचा धागा तुटला तर ती विकायची नाही. त्या नाही म्हणाल्या तर रंग कितीही आवडला असला तरी ऐका. आणि कामाचे पैसे त्यांच्या हातात द्या, घरातलंच काम म्हणून गृहीत धरू नका. तुम्ही दोघींनी वळलेले पेळू हाच तुमचा माल असावा. नुसती धुतलेली लोकर कुणीही विकेल. हातानं पिंजून वळलेला, लगेच चरख्याला लावता येईल असा दख्खनी पेळू शहरात कातणाऱ्या बाईला सहज कुठे मिळणार?

भाव ठरवताना शेजारी काय घेतो ते बघू नका. कातरणीची जादा मजुरी, धुऊन घटलेलं वजन, सरपण, तुरटी, आणि दोघींचे तास रोजगाराच्या दरानं मांडा. ५० आणि १०० ग्रॅमची पुडकी करा. प्रत्येकावर मेंढी कुठली, जावळ की मोठीची, कातरणीचा महिना, रंग कशाचा, आणि या लोकरीचं काय करावं, काय करू नये, हे मराठीत लिहा. मेंढीचा फोटो असेल तर उत्तम. पहिल्या वर्षी पाच मेंढ्यांची लोकर फार थोडी निघेल, घरखर्च त्यावर चालणार नाही. कातरणाऱ्यांची मजुरी सुटली तरी पहिलं वर्ष चांगलं गेलं असं समजा, आणि तो हिशोब सासऱ्यांना वाचून दाखवा.

उरलेली लोकर पावसाळ्यात सांभाळणं मात्र अवघड. न धुतलेल्या लोकरीला कसर फार लवकर लागते, म्हणून धुऊन, कडकडीत वाळवून, कापडी पिशवीत वेखंडाचे तुकडे घालून ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून झटका. वेखंडानं कसर दूर राहते, मरत नाही. एखाद्या पिशवीत बारीक अळी दिसली तर ती त्याच दिवशी बाकीच्यांपासून लांब करा.